मूळ तेलात, टोक वाऱ्यात

केस उलटा आहे की सुलटा, हे मला डोळे मिटून कळतं. यात बढाई काही नाही, पोटासाठी करते ते काम. आमच्या कारखान्यात खऱ्या केसांचे टोप बनतात. माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले केसालाही असतात, डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. मुळाकडून टोकाकडे बोट नेलं की गुळगुळीत लागतं, उलट नेलं की खरखरीत. जुडीत चार केस उलटे गेले, तर दमट हवेत ते बाकीच्यांना धरून बसतात आणि सगळ्या टोपाचा झाडू होतो. म्हणून आमच्याकडे कायदा एकच. मूळ वर, टोक खाली. मुळाशी दोरा बांधायचा आणि टोकं लोंबती सोडायची. ही सवय हाताला अशी जडली आहे, की घरी आणलेली पालेभाजीची जुडीसुद्धा मी मुळं वर करूनच खिळ्याला अडकवते. लेक म्हणायची, "आई, बिचारीला शीर्षासन कशाला घालायला लावतेस?"

लेकीला मी लवंगी म्हणते. बुटकी, तिखट, पेटली की तडतडणारी. तिचे वडील ती रांगत होती तेव्हाच गेले, सासूबाईही आता नाहीत, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. दोघी मिळून भांडण मात्र दहा जणांचं करतो.

यंदा तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. मोठ्या हॉटेलात, पाहुण्यांच्या स्वागताला काउंटरवर उभं राहायचं. पोरगी हवेत तरंगत होती. आणि मग ही मेली हवा सुरू झाली. तुम्हाला माहीत असेल ती, ज्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, कपाटाची दारं फुगतात आणि पुस्तकांना वास येतो. त्यात लवंगीला तापाने गाठलं. ताप गेला, पण जाताना केस घेऊन गेला. मोरीच्या जाळीवर केस, उशीवर केस, भातात केस. कंगवा फिरवला की मूठभर गुंतवळ निघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताप येऊन गेलाय, वर ही दमट हवा. येतील परत, धीर धरा."

धीर आणि आमची लवंगी! तिने आरशावर टॉवेल टाकला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"मी नाही जाणार," ती आतून म्हणाली. "असली खोपडी घेऊन काउंटरला उभी राहू?"

"अगं, टोप आणते ना कारखान्यातून. मालकीणबाई नाही म्हणणार नाहीत."

"दुसऱ्याचे केस डोक्यावर घेऊ? शी! कोणाचे असतील कुणास ठाऊक."

जन्मभर टोप विणले आणि पोटची पोर उघड्या डोक्याने रडत बसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी स्वतःला म्हटलं, बाई, ही आत्ता गेली नाही तर कायमची या खोलीत कुजेल. हिला घराबाहेर काढायचंच.

तेव्हा मला सासूबाईंचं तेल आठवलं. सासूबाई गेल्या त्या दिवशीही त्यांची वेणी मनगटाएवढी जाड होती. हवा कितीही ओली असो, त्यांचा केस हलायचा नाही. मला त्यांनी तेलाची कृती तोंडी सांगितली होती, तीही चिडून, कारण मी भाजी चिरता चिरता ऐकत होते. खोबरेल मंद आचेवर ठेवायचं, त्यात जास्वंदीची फुलं आणि मेथीचे दाणे टाकायचे, फुलं काळी पडली की गाळून घ्यायचं. डोकं कोरडं असतानाच लावायचं आणि थोडंच, नाहीतर दमट हवेत घाम आणि तेल मिळून डोक्याचा चिखल होतो. तासाभराने धुवायचं आणि ओले केस बांधायचे नाहीत. इथवर सगळं शहाण्या बाईचं. पुढे मात्र त्यांनी आवाज खाली आणला होता. ज्याच्यासाठी तेल करायचं, त्याचा मुळासकट गळलेला केस घ्यायचा आणि बरणीच्या झाकणाला दोरा बांधून तेलात सोडायचा. तेलाचा रंग गडद होईपर्यंत बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. "आणि नीट सोड गं," त्या म्हणाल्या होत्या. "मूळ तेलात, टोक वाऱ्यात. झाड कसं लावतेस? तसं."

मी सगळं केलं. गुंतवळीतून मुळासकट असलेला एक लांब केस निवडला, त्याला दोरा बांधला आणि बरणीत सोडला. कारखान्यात दिवसभर हेच तर करते. हात आपोआप चालले.

तेल काळपट झालं, आणि मी लवंगीला दटावून पुढ्यात बसवलं. तिच्या डोक्याची ती उघडी पडलेली पांढरी कातडी जागोजाग दिसत होती. बोटांच्या टोकांनी हळूहळू तेल जिरवलं. तेल थंड असूनही माझी बोटं उबदार झाली.

केस आले हो! आठवडा उलटला नाही तर काळे कोंब, आणि मग रोज बघावं तर वीतभर पुढेच. इतक्या वेगाने केस वाढत नाहीत, हे मला नाही तर कोणाला कळायला हवं होतं? पण सुखाला कोणी पावती मागतं का! आरशावरचा टॉवेल निघाला. लवंगी गाणी गुणगुणत बॅग भरायला लागली आणि माझ्याशी पुन्हा कडाकडा भांडायला लागली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

फक्त उशीचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी ती उठायची तेव्हा उशी डोक्याबरोबर वर यायची. ओढून काढावी लागायची, आणि काढताना जुनी शिवण उसवल्यासारखा बारीक आवाज यायचा. मी उशी तपासली तर केस अभ्र्यातून आरपार कापसात गेलेले. म्हटलं, कापूस ओलसर झालाय, चिकटत असेल. हवा दमट, दुसरं काय.

जायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी तिची वेणी घालायला बसले. बट हातात घेतली आणि सवयीने मुळाकडून टोकाकडे बोट नेलं.

खरखरीत.

पुन्हा नेलं. खरखरीतच. खालून वर नेलं तर रेशीम. मी बटेचं टोक उजेडात धरलं. प्रत्येक केसाच्या टोकाला एक बारीक पांढरा दाणा होता. मूळ होतं ते. माझ्या लेकीच्या डोक्यात टोकं रुतली होती आणि मुळं हवेत लोंबत होती.

"काय झालं गं?" लवंगीने विचारलं.

"काही नाही. पाणी आणते."

स्वयंपाकघरात जाऊन बरणीचं झाकण उघडलं. केसाच्या मुळाला घट्ट दोरा, आणि टोक तेलात बुडलेलं. जित्याची खोड! सासूबाईंनी झाड लावायला सांगितलं होतं, मी भाजीची जुडी टांगली होती. मी झाकण लावलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. मूळ म्हणजे मूळ. ते हवेत लोंबत ठेवलं तर रुजायला जागा शोधणारच, आणि इतके दिवस ते उशीत शोधत होतं.

मी ठरवलं, तिला घाबरवायचं नाही, झोपली की मुळं तेवढी कापायची. परत आले तर ती खाली चटईवर लवंडली होती. "आई, जरा इथे पड ना माझ्याजवळ. उद्यापासून कुठे मिळणार आहेस?" असं म्हटल्यावर कुठली आई उभी राहील? मी आडवी झाले. तिने माझ्या हातावर डोकं ठेवलं आणि लगेच झोपली. कात्री माझ्या उशाशी होती. पंखा गरागरा फिरत होता, तरी हवा हलत नव्हती. माझाही डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जाग आली ती डासाने. उजव्या हातावर, कोपराच्या खाली बसला होता. मी डाव्या हाताने फटकन मारला.

"आई गं!" लवंगी झोपेत ओरडली. "मारतेस काय?"

मी हात उचलायला गेले. उचलेना. हाताला मुंग्या नव्हत्या, दुखतही नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत तिचे केस माझ्या कातडीत उतरले होते, लव असावी इतके नीटनेटके. मी एक केस चिमटीत धरून हलकेच ताणला. माझ्या हाताला कळ आली आणि तिच्या कपाळावर आठी.

ती जागी झाली. आधी तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिने बघितलं. मी कात्री उचलली.

"नको!" तिने माझं मनगट पकडलं. "आई, नको कापू. मी नाही जात कुठे. इथेच राहते तुझ्याजवळ. राहू दे ना असं."

खोटं कशाला बोलू? क्षणभर फार गोड वाटलं. ही गेल्यावर मी भांडणार कोणाशी? रिकाम्या घरात भाजी कोणासाठी टांगणार? ऊब येत होती त्या हाताला, ती पोटात होती तेव्हा यायची तशी. एकदा तोडलेली नाळ पुन्हा जोडून मिळत होती, आणि मागतही तीच होती.

"गप बस," मी म्हटलं, आणि कात्री चालवली.

ती किंचाळली. मीही किंचाळले असेन. शेवटची बट तुटली तेव्हा तिच्या डोक्यावर उरलेले खुंट आपोआप गळून चटईवर पडले. टोकांना कसली आलीये पकड! खाली तिची स्वतःची लव होती, पिल्लाच्या पाठीवर असते तशी, तुरळक. मी त्यावरून बोट फिरवलं. सुलटी होती. डॉक्टरीणबाई बरोबरच म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लवंगी डोक्याला लाल रुमाल बांधून गेली. रडून डोळे सुजले होते, पण गेली. "हॉटेलवाल्यांनी काढून टाकलं तर परत येईन," म्हणाली. कोणी काढलं नाही. उलट कुठल्याशा पाहुणीने रुमाल कुठून घेतला म्हणून विचारलं म्हणे.

बरणीतलं तेल ओतायची मला हिंमत झाली नाही, मातीत तर नाहीच. झाकण घट्ट लावून ठेवली आहे.

माझ्या हातावरचे केस मात्र राहिले. मुळं माझ्यात, आणि तीही सुलट रुजलेली, त्यामुळे ते वाढायला लागले. मी लांब बाह्या घालते. कारखान्यात मालकीणबाई म्हणाल्या, "एवढ्या उकाड्यात?" मी म्हटलं, सर्दी आहे. घरी आले की बाही वर करते आणि एकटीच बसून त्यांवरून हात फिरवते. एका संध्याकाळी तसाच हात फिरवत होते आणि लवंगीचा फोन आला. "आई, गंमत सांगू? आत्ता कोणीतरी डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटलं." मला हसू आलं, रडूही आलं.

पण पुढच्या फोनवर ती हसत नव्हती. "आई, मला मागे ओढल्यासारखं होतंय गं. काउंटरला उभी असते, आणि वाटतं कोणी केस धरून खेचतंय. केस तर अजून बोटभरही नाहीत. मैत्रिणी फिरायला बोलावतात, मला दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. इतकं डोकं दुखतं ना, वाटतं नोकरी सोडून घरी यावं."

"ये की," असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

फोन ठेवला आणि चिमटा घेऊन खिडकीशी बसले. एकेक केस मुळासकट उपटला. प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते नुसतं दुखण्याचं नव्हतं. मनगटापासून सुरुवात केली आणि वर वर गेले. कोपराशी, आतल्या बाजूला, जिथे तिचं कपाळ टेकलं होतं, तिथे चिमटा थांबला.

सकाळी तिचा फोन आला. आवाज कसा खणखणीत, जुन्या लवंगीचा. "आई, कमालच झाली! डोकं एकदम हलकं झालं. काल संध्याकाळी मैत्रिणींबरोबर नदीवर जाऊन आले. मोकळं मोकळं वाटतंय." मग म्हणाली, "फक्त एकाच जागी, अगदी बारीक, अजून कुठेतरी खेचतंय बघ. कशाने असेल?"

मी बाही खाली ओढली.

"हवा दमट आहे गं," मी म्हटलं. "दुसरं काय."