चार घरांचा एकच दरवाजा

सोमवार, सकाळचे साडेअकरा. जळगाव शहराबाहेर, पाचोऱ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या नव्या वसाहतीत गरिबांच्या इमारतीचा तिसरा मजला. घर क्रमांक ३०४ चा दरवाजा बंद होता. तो दरवाजा मीच. आज मीच बोलतोय.

माझा जन्म धुळ्याच्या एका पत्र्याच्या शेडमधला. प्लायच्या दोन फळ्या, मधे स्वस्त लाकडाचे तुकडे आणि भरपूर सरस, एवढाच माझा देह. खानदानी सागवानाचा तोरा माझ्याकडे नव्हता. पण एका ट्रकमध्ये आम्ही आठ भावंडं जळगावला निघालो, तेव्हा मला वाटलं होतं, कुणाच्या तरी घराची लाज आपण राखणार. दरवाजाला आणखी काय हवं असतं?

वसाहतीच्या मालकाला सरकारने सवलत दिली होती. गरिबांसाठी अठ्ठेचाळीस छोटी घरं बांध, त्या बदल्यात शेजारच्या मोठ्या इमारतीवर जादा मजले चढव. गरिबांचा एक मजला पुरा झाला, चौकटीत दरवाजे बसले, त्यावर घराचे क्रमांक पडले आणि त्यांचे फोटो कचेरीत पोचले, की तिकडे जादा मजल्याची परवानगी सुटायची. पहिले दोन मजले खरे बांधले. तिथे आज माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, भांडतात. तिसऱ्या मजल्यापासून मालकाला शहाणपण सुचलं. फोटोत दिसतो तो दरवाजा. मग घर कशाला बांधायचं?

रुपचंद मिस्तरीने मला चौकटीत बसवलं. धरणगावकडचा माणूस, हात सफाईचा. बिजागऱ्या ठोकताना तो माझ्यामागे बघायचा आणि मान हलवायचा. माझ्यामागे काही नव्हतंच. पुढची एक भिंत सोडली, तर ना खोली, ना मोरी, ना नळ. नुसता स्लॅब आणि वारा.

त्या सोमवारी इंदिराबाई आली. डाळ मिलमध्ये निवडणीला जाते. सोडतीत तिला ३०४ लागलं होतं. बरोबर नवरा अभिमन होता आणि पिशवीत हळदकुंकवाचा करंडा.

"भाऊ, हाईच का मनं घर?" तिने साइटवरच्या भूपेंद्रला विचारलं. तो तिथला सुपरवायझर.

"हेच, अक्का. तीनशे चार."

"मझार देखू दे ना जरासं."

"फरशी ओली आहे. पाय उमटतील."

अभिमन हसला. "दारच देखी ले आते. घर काय पळी जाई का?"

तिने विश्वास ठेवला. स्वतःच्या नव्या फरशीवर आपलेच पाय उमटू नयेत, म्हणून ती चौकटीबाहेर थांबली. मग तळहात कुंकवात भिजवला आणि माझ्या छातीवर दाबला. तिच्या उजव्या हाताचं चौथं बोट अर्धंच आहे, मिलच्या यंत्रात गेलेलं. माझ्यावर साडेचार बोटांचा पंजा उमटला. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत उभी होती. मला इतक्या मायेने कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी खोटा होतो.

दुपारी फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी रुपचंदने माझ्या बिजागऱ्या काढल्या. मला चौथ्या मजल्यावर नेलं, तीनवर रंग मारून चार केला. ३०४ चा मी ४०४ झालो.

"तो हात पुसून घे रे, फोटोत दिसेल," भूपेंद्र म्हणाला.

"मी पुसाव नई, भाऊ. बाईनी लक्ष्मी म्हनीसन हात लायेल शे."

"बरं, राहू दे. फोटो बघतो कोण?"

रुपचंदचा हात खोटं घर उभं करताना थांबला नाही. कुंकू पुसताना थांबला. माणसांचं पाप आणि पुण्य असं एकाच हातात नांदतं, हे मी तिथे शिकलो. पुढे पाचव्या मजल्यावर गेलो, मग सहाव्या. आम्ही आठ दरवाजे बत्तीस घरं झालो. शेजारची इमारत जादा मजल्यांसकट उभी राहिली. तिथे लिफ्ट आहे, गच्चीवर झोपाळा आहे.

इकडे इंदिराबाईने पत्र्याची खोली सोडली. घर मिळणार म्हणून घरमालकाला सांगून मोकळी झाली, पण नव्या घराची किल्ली काही हाती आली नाही. आता ती धरणगावला भावाकडे राहते आणि रोज एसटीने मिलला येते. भावजयीच्या चुलीशी परकी बाई किती दिवस बसणार? म्हणून तिने दुसऱ्या एका घरकुल योजनेत अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारण, नावावर घर आहे.

ती साइटवर आली तेव्हा मी खाली गोदामात आडवा पडलो होतो, माझ्यावर सिमेंटची पोती रचलेली. रुपचंद जेवत होता. त्याच्यासमोर बसून तिने कचेरीतली हकीकत सांगितली. कारकुनाने तिला संगणकावर सगळ्या मजल्यांचे फोटो सरकवत ३०४ चा फोटो दाखवला होता.

"म्हने, मावशी, हा हात कोणाचा? मी सांगं, मनाच शे. म्हने, मग झालं तर! घर तुमचंच. आणखी काय पाहिजे?"

"मंग तू काय बोलनी?" रुपचंदने विचारलं. घास त्याच्या हातातच राहिला होता.

"मी सांगं, चारशे चार दखाड. पाचशे चार दखाड. बठ्ठा दारंवर मनाच हात शे, बोट मोजी ले. तर म्हने, नव्या घराला सगळेच हात लावतात, मावशी."

साडेचार बोटं सगळ्यांना असतात का हो? चारही फोटोंवर तपासणीचा शिक्का आहे. शिक्का मारणाऱ्याला पाच बोटं होती, दोन डोळे होते. एवढंच विचारतो.

ती रडली नाही. पोत्यांच्या फटीतून माझी कड दिसत होती, पण तिने मला ओळखलं नाही. बरंच झालं. रुपचंदने ओळख करून दिली नाही. तो डबा न संपवताच उठला.

वाचणाऱ्यांनो, मला पुन्हा कुठे बसवू नका. जिथे आत माणूस नाही, तिथे दरवाजाला उभं करू नका. करायचंच असेल तर एक करा. तिसऱ्या मजल्यावर चढा आणि एकदा वाकून आत बघा.

जाताना तिने रुपचंदला एक कागद दाखवला. कचेरीतून मिळालेली ताबा पावतीची नक्कल. 'घर क्रमांक ३०४, सुस्थितीत मिळाले.' खाली तिच्या नावापुढे अंगठा आहे, पूर्ण आणि स्पष्ट. इंदिराबाई सातवी शिकलेली आहे, मिलच्या हजेरीवर रोज सही करते. तो अंगठा कोणाचा, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.