मुर्ध्याची उघाडी

मी एक जुनी उघाडी आहे. हसू नका, मित्रांनो! उघाडी म्हणजे उघडीवाघडी नव्हे. खाडीच्या बांधात पाण्यासाठी ठेवलेलं दार म्हणजे उघाडी. दोन दगडी खांब आणि मध्ये वरखाली सरकणारी सागाची फळी, एवढाच माझा देह.

मुर्ध्याच्या मिठागरात माझा जन्म झाला. भरती आली की धाकू पाटील माझी फळी उचलायचा आणि पुरेसं पाणी आत आलं की खाली सोडायचा. त्या पाण्याचं मीठ व्हायचं. तेव्हा माझा काय तोरा होता! पुढे मिठागर बंद पडलं, तरी धाकू फळी उचलायला येत राहिला. चिखलात उड्या मारणारे निवटे, म्हणजे छोटे मासे, त्याला कालवणाला लागत. त्याच्यामुळे पाणी खेळतं राहिलं, चिखल ओला राहिला आणि त्यातले किडे टिपायला पाखरं येऊ लागली. शेकाटे, बगळे आणि थंडीत गुलाबी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मिठापेक्षा मला त्यांचाच लळा लागला.

मग इमारती जवळ सरकू लागल्या. आता आपलंही काही खरं नाही, असं मला वाटलं. पण शहराने ठरवलं की इथे बांधकाम करायचं नाही, ही जागा पाखरांची. ती कशी राखायची हे विचारायला पालिकेच्या वतीने शांती नगरच्या क्षितिजा मॅडम बांधावर आल्या. मोठ्या भल्या बाई. त्यांनी धाकूलाच विचारलं.

“मॅडम, येकच सांगतो. उघारी राखा. उघारी राखली तं पाखरा येतीन.”

आमच्या गावच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. आणि उघाडी हा शब्द मॅडमनी कधी ऐकलाच नव्हता.

“उघडी राखायची ना? अगदी बरोबर, काका! एक वीटसुद्धा लागणार नाही इथे.”

“हां, तीच तं!” धाकू खूश झाला.

दोघंही समाधानाने गेले. चूक फक्त मला कळली होती, पण मला तोंड कुठे आहे?

जागा उघडी राहिली. भोवती जाळी आली, फाटकाला कुलूप लागलं, पाटी आली: ‘पक्ष्यांसाठी राखीव. प्रवेश बंद.’ त्या दिवशी माझी फळी खाली होती. ती खालीच राहिली. आतला चिखल वाळून भेगाळला. निवटे मेले. थंडीत रोहित आले, वरच्यावर एक फेरी मारली आणि न उतरताच निघून गेले. मला रडू आलं.

परवा धाकू काठी टेकत फाटकाशी आला. राखणदार गुणवंत मनाने चांगला आहे, पण नोकरी ती नोकरी.

“भाऊ, फकस्त फली उचलतो न् जातो.”

“नाही जमणार, काका. वरून ऑर्डर आहे. पक्ष्यांना डिस्टर्ब होतं.”

“कुठं हाईत पाखरा?”

गुणवंतने मागे वळून पाहिलं. पण कुलूप काढलं नाही. धाकू काठी टेकत परत गेला.

मला आता वेगळीच धास्ती वाटते. पाखरंच नसतील, तर त्यांच्यासाठी ही जागा कोण किती दिवस ठेवणार?

मित्रांनो, तुम्ही एखादी जागा राखाल, तेव्हा तिथे रोज येणाऱ्या माणसाचं म्हणणं पुन्हा एकदा विचारून घ्या. आजही भरती आली होती. पाणी माझ्या फळीला टेकून थांबलं आणि ओहोटीबरोबर परत गेलं. मी दार आहे, पण मला स्वतःहून उघडता येत नाही.