एक्स-रेच्या डब्यावरची शेळी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पण डाळ-तांदळाचा नव्हे, उजेडाचा. पुढे दुधी काच, पोटात दोन नळ्या आणि बाजूला एक स्टार्टर, एवढाच माझा संसार. हिंगोलीच्या एका हाडांच्या दवाखान्यात मी भिंतीवर टांगलेला असे. डॉक्टर माझ्यावर एक्स-रे लावत आणि हाड कुठे मोडले ते बघत. माझा स्वभाव तेव्हापासूनच चुळबुळ्या. बटण दाबले की मी आधी डोळे मिचकावतो, मग गुणगुणतो आणि तेव्हा कुठे पेटतो. पेशंट कण्हत असताना याचे काय चाळे चालले आहेत, म्हणून डॉक्टर माझ्यावर करवादत.

पुढे एक्स-रे संगणकावर दिसू लागले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. उजेडाच्या डब्याने अंधारात पडून राहायचे, याहून मोठा छळ नाही. शेवटी दवाखान्यातले कंपाउंडर उद्धवराव यांनाच माझी दया आली. त्यांनी मला पोत्यात गुंडाळले आणि एसटीत मांडीवर घेऊन कळमनुरीला आपल्या घरी आणले.

त्यांची मुलगी मधुवंती चित्रकथा काढते. मुलांच्या एका मासिकात दर महिन्याला तिची दोन पाने असतात. त्या पानांची नायिका म्हणजे मिजास नावाची शेळी. मधुवंतीने मला मेजावर आडवे केले, काच ओल्या फडक्याने पुसली आणि माझे नवे आयुष्य सुरू झाले.

तिच्या कामाची रीत ऐका. आधी ती आठवडी बाजारात जाऊन शेळ्या बघून येते. घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर भराभर पेन्सिल चालवते. त्यात रेघांची नुसती झुंबड असते. एकेका शेळीला सहा-सहा पाय! मग तो कागद माझ्या काचेवर येतो आणि त्याच्यावर कोरा कागद. मी पेटलो की खालच्या रेघा वर दिसतात. त्या झुंबडीतून हवी तेवढीच रेघ ती ब्रशने उचलते.

आणि हे करताना ती तोंडे करते! मिजास रुसली की मधुवंतीचा खालचा ओठ बाहेर येतो. मिजास चोरून पाला खाऊ लागली की हिचे गाल फुगतात. कागदाआडून मला तिचा चेहरा खालून दिसतो, म्हणून मला पक्के ठाऊक आहे: शेळी आधी तिच्या तोंडावर येते, मग कागदावर.

तिची आई कालिंदीबाई दारातून विचारत, "काहून तोंड वेंगाडून राहिली गं?"

"मी न्हाई आई, मिजास वेंगाडून राहिली," मधुवंती मान वर न करता सांगे.

सगळे छान चालले होते. मग मासिकाचे संपादक श्रेयस यांनी सुचवले की, चित्र कसे होते याचा व्हिडिओ करून पाठवा, वाचकांना हल्ली ते आवडते. मधुवंतीने फोन माझ्यासमोर उभा केला आणि नेहमीसारखी कामाला लागली. फोन आहे हे ती विसरूनच गेली. व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला, पण चित्र कोणी पाहिले नाही. सगळे तिच्या तोंडाला हसले. कोणी तिचा ओठ बाहेर काढलेला फोटो एकमेकांना पाठवला. कनेरगाव नाका या गावी एका लग्नात तर नात्यातल्या बायकांनी तिच्यासमोरच तशी तोंडे करून दाखवली. घरी येऊन ती थेट मेजाशी बसली. माझ्या काचेवर तिचे दोन अश्रू पडले, ते तिने बाहीने पुसले. मला फार वाईट वाटले.

पण श्रेयस यांच्या आग्रहाने त्यानंतरही दर महिन्याला व्हिडिओ जात राहिला. फोन सुरू झाला की मधुवंती चेहरा घट्ट आवळून बसे. रेघ बरोबर यायची, शिंगे जागच्या जागी असायची, पण शेळी म्हणजे नुसते पेंढा भरलेले कातडे!

एक दिवस श्रेयस यांचा फोन आला. "मधुवंतीताई, राग मानू नका. मिजासमध्ये जीव राहिला नाही. या अंकातही तसंच झालं, तर ती पानं मला दुसऱ्या कोणाला द्यावी लागतील."

त्या अंकात मिजासचे पिल्लू बाजाराच्या गर्दीत हरवणार होते. कधी कोणाला न भिणारी मिजास पहिल्यांदा घाबरणार होती. तो एक चेहरा साधला तर कथा साधणार होती. मधुवंतीने फोन माझ्यासमोर उभा केला आणि ती काढायला बसली. कागद आला, गेला. दुसरा आला, तोही चुरगळला. ती उठे, खिडकीशी जाई, परत बसे. मी खाली तडफडत होतो. अगं, तोंड कर! घाबर ना एकदा! पण मी पडलो डबा. गुणगुणण्यापलीकडे मला काय येते?

शेवटी तिने वैतागून मेजावर हात आपटला. त्या दणक्याने माझा स्टार्टर सैल झाला आणि मी पेटत-विझत लपलप करू लागलो. मुद्दाम केले असे सांगायला मला आवडले असते, पण खरे तेच सांगतो. फोनच्या पडद्यावर काळे पट्टे धावू लागले. काही दिसेना.

"मिचकाव! काय मिचकावायचं ते मिचकाव!" ती माझ्यावर ओरडली. तिने फोन बंद करून उशीखाली कोंबला.

मग ती पुन्हा वाकली. समोर कोणी नव्हते. हळूहळू तिच्या भुवया वर गेल्या, ओठ थरथरले, मान वळली, जणू गर्दीत ती कोणाला शोधते आहे. माझ्या लपलपत्या उजेडात ब्रश टेकला आणि एका दमात चालला. काचेवर मिजास उभी होती, घाबरलेली, जिवंत. मला इतका आनंद झाला की मी आणखीच लपलपलो.

पाने मासिकाकडे गेली. दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी माझा स्टार्टर पिळून घट्ट केला. मी शहाण्यासारखा शांत पेटलो. तेवढ्यात श्रेयस यांचा फोन आला. "ताई, मिजास परत आली! पानं तुमचीच. आता पुढच्या वेळी असाच चेहरा काढतानाचा व्हिडिओ हवा हं."

 मधुवंतीने माझ्याकडे बघितले. मग तिने दोन बोटांनी माझा स्टार्टर धरला आणि हळूच सैल केला.

"सर, दिव्याची तकलीफ हाय," ती फोनवर म्हणाली. "व्हिडिओत नुसते पट्टेच येऊन राहिले."

उद्धवराव बाजूलाच उभे होते. "अगं, आत्ताच तर बराबर केला म्या!"

"राहू द्या बाबा, त्याला सैलच राहू द्या."

मित्रांनो, आपल्याला दुरुस्त करा अशी विनवणी सगळ्या जुन्या वस्तू करतात. मी मात्र वेगळेच मागतो. कोणी कामात बुडून तोंड वेडेवाकडे करत असेल, तर हसू नका, फोन उगारू नका, हळूच दार ओढून घ्या. माझ्या पोटातल्यासारख्या नळ्या आता दुकानात सहज मिळत नाहीत. एक दिवस मी मिचकावेन आणि पेटणार नाही. तोवर खोडकर दिवा म्हणून माझे नाव खराब झाले तरी चालेल. आज माझ्या काचेवर पिल्लू सापडल्यानंतरची मिजास आहे, आणि वर मधुवंतीचे सगळे दात दिसत आहेत.