दुसरा घाव

"बांधाच्या गं पल्याडला, पान्यावाचून खाचर,
शेजाऱ्याच्या रोपावरी, घाल मायेची पाखर..."

हा नंदाबाईचा आवाज. तिच्या तरुणपणीचा. भातलावणीला वाकून ती ओवी म्हणायची आणि तिचा नवरा भिमाजी माझ्याकडून बांधावर चिखल ओढून घ्यायचा.

मी एक जुनं खोरं आहे, मित्रांनो. सोमाटणे फाट्यावरच्या लोहारानं ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं. "लय रस्ता तुडवलाय या लोखंडानं," तो म्हणाला, "आता शेतात निवांत ऱ्हाईल." भिमाजीनं मला बाभळीचा दांडा बसवला आणि वडिवळ्याला नेलं. तिथं इंद्रायणी भाताची खाचरं आहेत. बांधाला खेकडे बिळं पाडतात आणि पाणी गळतं. पण लोक म्हणत, भिमाजीच्या खोऱ्यानं लिंपलेल्या बांधात खेकडा शिरत नाही. मला ते ऐकून फार बरं वाटे.

त्या घरची एक रीत होती. चिखलाचं खोरं उंबऱ्याच्या आत येत नसे. संध्याकाळी नंदाबाई मला ओढ्यावर धुई, फडक्यानं पुसे आणि खुंटीला लावी. भिमाजी गेला, मी त्याच्या लेकाच्या, हनुमंताच्या हातात आलं, तरी रीत तीच राहिली. मुठीच्या घामानं दांडा गुळगुळीत झाला. दोन दांडे बदलले, पातं झिजलं. माझं आयुष्य तसंच सरलं असतं.

गेल्या लावणीला पावसानं ओढ दिली. खालचं खाचर बाजीरावाचं. तो लोणावळ्याला एका बंगल्यावर रखवालीला होता आणि लावणीपुरता घरी आला होता. हनुमंत आणि तो एकाच ओढ्यात पोहायला शिकले होते. त्या सकाळी तो कोयता घेऊन बांधावर आला.

"माजं रोप जळाया लागलं, आन् तू बांध घालतुयास व्हय, हनम्या?"

"काल सोडलं की पानी! तू जा, सायबाच्या कुत्र्याला फिरव. शेती तुजं काम न्हाई."

वाऱ्यावर सोडून द्यावं असं ते बोलणं. पण बाजीरावानं बांध फोडला, हनुमंतानं त्याला ढकललं, आणि बाजीरावाचा कोयता वर गेला. त्याच क्षणी हनुमंतानं मला फिरवलं. बाजीराव खाली गेला. माझं पातं चिखलात खोल रुतलं, त्यामुळे नंतरच्या चार क्षणांत वर काय घडलं ते मला कळलं नाही. मग मला उपसलं गेलं आणि दुसरा घाव बसला.

हनुमंत मला ओढत घरी आला आणि अंगणात बसला. नंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. चिखल पाहिला, त्यातलं लाल तिला दिसलं की नाही, देव जाणे. तिनं मला धुतलं, पुसलं, खुंटीला लावलं.

पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, पुरावा नष्ट केला.

तेव्हापासून मी मुद्देमाल आहे. अंगाला कापड, कापडाला लाखेचं सील, सिलाला चिठ्ठी. मुद्देमालाच्या खोलीत तीन कोयते, एक दगड आणि एका बाईची तुटकी चप्पल, असे आम्ही सोबती. तारखेला तेवढं बाहेर निघायचं.

एका तारखेला मला मांडीवर घेऊन हवालदार कोर्टाच्या व्हरांड्यात बसला होता. शेजारी हनुमंत, आणि समोर सरकारनं त्याला फुकट दिलेल्या वकील शुभदाताई.

"हनुमंतभाऊ, माणूस मेला म्हणजे दरवेळी खूनच ठरतो असं नाही," त्या म्हणाल्या. "जीव वाचवायला मारलं, तर तो गुन्हाच होत नाही. आधी काही न ठरवता, अचानक भांडणाच्या भरात मारलं, तर सदोष मनुष्यवध. शिक्षा कमी. पण पडलेल्या, रिकाम्या हाताच्या माणसाला मारलं, तर ते दोन्ही रस्ते बंद होऊ शकतात. मग जन्मठेप. मी तुम्हाला शब्द शिकवणार नाही. दुसऱ्या घावाच्या वेळी तो उठत होता का?"

हनुमंत नखं पाहत राहिला.

"ताई, तुमच्या अशिलाआदी हे खोरंच बोलंल," हवालदार म्हणाला.

"उठत व्हता," हनुमंत म्हणाला. "कोयता धरून."

त्या एका वाक्यावर त्याचा सगळा बचाव उभा होता.

नंदाबाईची साक्ष झाली. "रक्त लपवायला धुतलं ना?" सरकारी वकिलांनी विचारलं. "चिखलाचं खोरं आमी घरात न्हेत न्हाई, सायेब," ती म्हणाली. मागं कुणीतरी हसलं. तिला ते हसू कळलं नाही.

मग बाजीरावाची बायको चंपा उभी राहिली. साक्ष संपली तरी ती पिंजऱ्यातून उतरेना. "माजा धनी मरताना काय बोलला, कुनीच सांगंना. येवढं इचारा त्याला." न्यायाधीश हळूच म्हणाले, "बाई, खाली बसा."

मित्रांनो, आम्हा अवजारांना राग नसतो. तुमच्या हातातून तो आमच्यात उतरतो. डोकं तापलं की आधी आम्हाला खाली ठेवा, मग भांडा. माझं ऐकून कुणाचं भलं होईल अशी फार आशा मला उरलेली नाही. तरी सांगतंय.

शेवटी आरोपीचा जबाब होता. मी टेबलावर, कापड सोडलेलं. बाजीराव उठत होता, हे हनुमंत सांगून बसला होता.

"आणखी काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं. "गप्प राहिलात तरी चालेल."

शुभदाताईंनी मान हलवली, नको. हनुमंतानं मागं वळून चंपाकडे पाहिलं.

"वैनी," तो म्हणाला, "बाजी उठत न्हवता. कोयता लांब पडलावता. त्यो म्हनाला, 'बास, हनम्या.' म्या आयकलं. आन् मंग मारलं."