पाच वर्षं विकायला काढलेलं घर

मित्रांनो, चामोर्शीच्या आठवडी बाजारातून सरकारी दवाखान्याकडे जाताना डाव्या हाताला कवेलूच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या छपराचं एक बैठं घर लागतं. दारं सागवानी, पण रंग उडालेला. ते मी. माझ्या कहाणीत मिरवण्यासारखं थोडं आणि लाजण्यासारखं जास्त आहे. तरी सांगते, कारण तुमचंही कधीतरी घर होईल, आणि त्या घराला दार असेल.

माझा जन्म एकसष्ट सालचा. वामनराव गुरुजींनी मला बांधलं. भिंती मातीच्या, हातभर जाड. वासे आलापल्लीच्या जंगलातल्या सागाचे. शाळा सुटली की गुरुजी धोतर खोचून स्वतः चिखल तुडवायला उतरत. त्यांच्या पत्नी ठमाबाई मला शेणानं सारवत आणि दिवाळीला चुन्यानं पोतून काढत. येणारेजाणारे म्हणत, "गुरुजी, घर पाहावं तं तुमचं." मी फुलून जाई.

संध्याकाळी माझ्या ओसरीवर गुरुजी चौथीच्या मुलांना स्कॉलरशिपची गणितं शिकवत. त्यात सुगंधा होती. तिचा बाप मुखरू, बौद्ध मोहल्ल्यातला, लोकांच्या बांधीत धान रोवायला जाई. एका पावसाळ्यात त्यानं पोरीला शाळेतून काढून रोवणीला नेलं. गुरुजी चिखलातून बांधीपर्यंत गेले आणि म्हणाले, "मुखरू, हे पोर माझ्यापेक्षा हुशार हाय. तिले शिकू दे." दुसऱ्या दिवशी सुगंधा ओसरीवर होती. गावानं गुरुजींचं कौतुक केलं, आणि त्यात थोडं माझंही झालं.

पण एक गोष्ट कबूल करते. बाकीची मुलं तहान लागली की धावत आत जात आणि माठातलं पाणी पीत. सुगंधाला ठमाबाई बाहेर पाणी आणून देत, वरून ओंजळीत. ती कधी उंबरठा ओलांडून आत आली नाही. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

वर्षं सरली. गुरुजींचा मुलगा खुशाल माजरीच्या कोळसा खाणीत लागला, त्याला क्वार्टर मिळालं. ब्याऐंशी साली, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी, गुरुजी रिटायर झाले. ठमाबाईंचा दमा बळावला होता, मुलाजवळ राहणं बरं वाटत होतं. दोघांनी माजरीला जायचं ठरवलं आणि गुरुजींनी आपल्या वळणदार अक्षरात पत्र्याची पाटी रंगवली, 'घर विकणे आहे'. ती माझ्या दारावर ठोकली.

गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाला माझं दार दक्षिणेला आहे हे खटकलं. एका दुकानदारानं भिंतीवर बुक्की मारून पाहिली आणि मातीत शटर बसत नाही म्हणून निघून गेला. एका जोडप्याला मी आवडले, पण चैत्रात विहीर आटते हे कळलं आणि ते फिरकलेच नाहीत. एक वर्ष गेलं. गुरुजी महिन्या-दोन महिन्यांनी एस्टीनं येत, कुलूप काढत, झाडलोट करत, परत जात.

मग एका रविवारी सुगंधा आली. आता ती सुगंधाबाई होती, सरकारी दवाखान्यातली नर्स. आमच्या गल्लीतली निम्मी बाळंतपणं तिनंच केली होती. सोबत नवरा लटारू, पोस्टमन. दोघं एका खोलीत भाड्यानं राहत होते.

"गुरुजी, पाटी वाचली," ती म्हणाली. "आमी पाहावं का?"

"पाह्य की," गुरुजी म्हणाले. "तुले काय विचारायचं!"

ती चप्पल काढून आत आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माजघर पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आतून एवढं मोठं हाय, मले ठाऊकच नव्हतं."

गुरुजी खाली पाहू लागले. मलाही जमिनीत जावंसं वाटलं.

दक्षिणेचं दार तिला चाललं. विहीर आटते हे गुरुजींनी स्वतः सांगितलं, तेही चाललं. चहा झाला, भाव जुळला. गुरुजींनी तिच्या देखत पाटी काढली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो. कागद करून टाकू." लटारू जाता जाता माझ्या खांबावर हात फिरवून गेला, जसं एखाद्या गाईच्या पाठीवर फिरवावा.

ते वळणावर गेले आणि शेजारचे रामाजी आले. गुरुजींचे तीस वर्षांचे दोस्त.

"वामनभाऊ, घर कोणाले देऊन राह्यले?"

"सुगंधाले. माझीच विद्यार्थिनी."

"पोरगी चांगली हाय, मी काऊन नाई म्हणू? माह्या सुनेचं बाळंतपण तिनंच केलं. पण भाऊ, तुमी चालले माजरीले. आमाले इथीच राहाचं हाय. एकाच विहिरीचं पाणी. उद्या आमच्या पोरींच्या सोयरिकीत कोणी बोललं तं?"

"रामाजी, मी शब्द दिला हाय."

"शब्द तोंडाचा असते. कागद कुठी झाला?"

गुरुजी उत्तर देतील म्हणून मी वाट पाहिली. जो माणूस गुडघाभर चिखलातून एका पोरीसाठी गेला होता, तो उत्तर देईलच असं मला वाटत होतं. गुरुजी उठले. मग त्यांनी कुलूप लावलं आणि एस्टी गाठली.

पुढच्या रविवारी सुगंधा आणि लटारू कागदपत्रांची पिशवी घेऊन आले. गुरुजींनी त्यांना आत बोलावलं नाही. ओसरीवर उभ्याउभ्याच म्हणाले, "सुगंधा, खुशाल घर विकू नका म्हणते. बापजाद्यांची आठवण म्हणते. माझा इलाज नाई."

मित्रांनो, मी बापजाद्यांचं नव्हते. मला गुरुजींनीच बांधलं होतं, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा रामाजींच्या अर्धवट उघड्या दाराकडे. "बरं गुरुजी," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती पाटी पुन्हा माझ्या दारावर आली.

दवाखान्याचा रस्ता माझ्यासमोरूनच जातो. सुगंधा रोज सकाळी जाई, रोज संध्याकाळी येई. माझ्या कपाळावर ते खोटं वळणदार अक्षरात लिहिलेलं असे आणि ती ते रोज वाचे. पहिले काही दिवस ती थांबली. नंतर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाऊ लागली. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं की मला वाटे, वादळ यावं आणि ही पाटी उडून जावी. वादळं आली. कवेलू उडाले, पाटी तशीच राहिली.

असं चार वर्षं. विकत कुणी घेईना. कवेलू दरवर्षी काढून नीट बसवावे लागतात, ती फेरणी न झाल्यामुळे छप्पर गळू लागलं, भिंतींना पोपडे आले, आढ्याला वाळवी लागली. गुरुजी येत ते आता दवाखान्याचा रस्ता टाळून, मागच्या शेतांमधल्या पांदणीनं. स्वतःच्याच घरात चोरासारखे शिरत. झाडू हातात धरून नुसते बसून राहत.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मात्र ते समोरून आले. ठमाबाई आदल्या हिवाळ्यात वारल्या होत्या. गुरुजी थकले होते. सकाळी ते माझ्या फाटकात उभे राहिले. रामाजी त्यांच्या ओट्यावर दातण करत होते. सुगंधा पलीकडच्या कडेनं येताना दिसली.

"सुगंधा, थांब," गुरुजी मोठ्यानं म्हणाले. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी तुले खोटं सांगितलं होतं. खुशाल काई बोलला नव्हता. मीच भेलो. आता हे घर तू घे. जे देशील ते दे."

रामाजींच्या तोंडातलं दातण तसंच राहिलं.

सुगंधा रस्ता ओलांडून आली. "गुरुजी, आमी पलीकडं प्लॉट घेतला. जोतं झालं. आता मले घर नाई पाहिजे."

"मग माफ तरी कर."

"तुमी भेले, ते मी त्याच दिवशी समजली. लोकाइले माणूस भेते. पण पाटी काऊन लावली परत? मी रोज ह्याच रस्त्यानं जातो, हे तुमाले ठाऊक नव्हतं?"

 गुरुजींचे डोळे भरून आले. सुगंधानं त्यांना धीरही दिला नाही आणि टोचूनही बोलली नाही. ड्युटीची वेळ झाली होती. ती गेली.

त्याच दुपारी गुरुजींनी पक्कड आणून पाटी उपसली. महिन्याभरात त्यांनी मला तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराला विकून टाकलं. ठेकेदाराची जात रामाजींनी विचारून घेतली आणि त्यांचं समाधान झालं. आता उन्हाळाभर माझ्या दाराशी ट्रक लागतात, धुरळा रामाजींच्या माजघरापर्यंत जातो, हमाल त्याच विहिरीवर अंघोळी करतात. माझ्या खोल्यांत छतापर्यंत पोती भरलेली आहेत. राहत कुणी नाही. चूल पेटत नाही.

मित्रांनो, घराची निगा राखा, कवेलू वेळेवर फेरा, वाळवी लागू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. आपल्या दारावरून कुणाला परत पाठवायची वेळ आली, तर त्याला खरं कारण तोंडावर सांगून पाहा. ते सांगताना जीभ अडखळली, तर समजा, कारणच खोटं आहे. मग बाजूला व्हा आणि त्याला आत येऊ द्या.