वारीदची वेंतिंगा

माझा भाऊ वारीद पंपा नदीत बुडून मेलेला सापडला, तेव्हा घाटावरच्या सगळ्यांनी आधी त्याच्या गळ्याकडे पाहिलं. तोंडाकडे एकाही मेल्याने पाहिलं नाही. गळ्यात वेंतिंगा नव्हती. दोरीत ओवलेले ते दोन तपकिरी कापडी तुकडे आम्ही अंघोळीलाही काढत नाही. ते गळ्यात असताना मेलेल्याला नरकाची आग लागत नाही, म्हणतात.

"जीव द्यायला निघालेला माणूस आधी ती काढून ठेवतो," चर्चचा घंटावाला चाक्कप्पन म्हणाला. "मी आपलं सांगितलं हो, अन्नम."

"तू तोंड आवर!" मी म्हटलं. पण संशय माझ्याही डोक्यात शिरलाच. होडीतून तोल जाऊन पडला, की यानेच उडी मारली? महिनाभर तो धड जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता.

आमचे पाद्री, अच्चन, घरी आले. "अन्नम, पडला असेल तर तुमच्या घराण्याच्या थडग्यात ठेवू. उडी मारली असेल तर कुंपणाकडचा पाप्यांचा खड्डा, तोही प्रार्थनेशिवाय. संध्याकाळपर्यंत मला कळायला हवं." तोवर मयताची घंटाही वाजणार नव्हती.

वेंतिंगा घरात नाही मिळाली, तर ती नदीतच तुटून पडली म्हणता येईल, म्हणून मी घर उलटंपालटं केलं. वारीदच्या बायकोची ट्रंकसुद्धा उपसली. म्हटलं, हिनेच लपवली असेल. ती बिचारी मागून एकेक कपडा घडी करत राहिली. शेवटी अंथरुणाला खिळलेल्या आईची उशी सारखी करायला वाकले, तर तिच्या गळ्यात दोन वेंतिंगा!

"पहाटे त्यानेच घातली," आई म्हणाली. "म्हणाला, अम्मच्ची, तुझी पार झिजलीय, दोरी कधी तुटेल नेम नाही. माझी असू दे."

मी हरखले. आणि लगेच पुन्हा तोच संशय. आईच्या काळजीने दिली, की आता स्वतःला नको म्हणून?

आईने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "मला खुर्चीत घालून चर्चला ने," ती म्हणाली.

तिथे अंगणात वारीदला ठेवलं होतं. अच्चनांच्या देखत तिने दोन्ही वेंतिंगा काढल्या. झिजलेली माझ्या हातात दिली, वारीदची त्याच्या गळ्यात घातली. "अच्चन, त्याने काय केलं मला ठाऊक नाही. खोटं बोलायची नाही मी. पण उडी मारली असली, तरी मी त्याला चुलीतल्या निखाऱ्याचा चटकासुद्धा लागू देणार नाही. देवाचं काळीज माझ्याहून लहान आहे का हो?"

अच्चनांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"चाक्कप्पन," ते म्हणाले, "घंटा वाजव."

वारीद आमच्या वडिलांशेजारी निजला. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. आठ दिवसांनी मी आईच्या रिकाम्या गळ्यासाठी कोरी वेंतिंगा आणली. तिने माझा हात बाजूला सारला.

"अगं, अशीच गेलीस तर?" मी ओरडलेच.

"आणि तो तिथे आगीत असला तर?" ती म्हणाली. "एकटा कसा राहील गं?"