मागावरच म्हातारा झालेला जिजिम

माझ्या उजव्या काठाकडची ओळ डाव्या काठाकडच्या ओळीपेक्षा अर्ध्या बोटाने खाली आहे. पट्टी लावल्याशिवाय ते कुणाच्या लक्षात येणार नाही, पण मला जाणवतं. डावीकडे बसून सासू विणते. ती फणीने आडवा धागा, म्हणजे बाणा, हलकेच ठोकते. उजवीकडे सून बसते. ती मनातलं बोलत नाही, सगळं फणीवर काढते. म्हणून तिच्या बाजूची वीण घट्ट बसत गेली आहे.

मित्रांनो, मी एक जिजिम आहे. सपाट विणीवर जाड लोकरीची नक्षी उठवतात आणि बोट फिरवलं की ती हाताला लागते, त्या जातीचा. माझे भाऊबंद धान्याची पोती झाले, पाळण्यावरची पांघरुणं झाले, काळ्या तंबूंमधले पडदे झाले. ते मळले, उसवले, पुन्हा शिवले गेले. सांगण्यासारखं आयुष्य त्यांचं आहे. मी मात्र मागावरच म्हातारा झालो. एक वीत विणायची उरली आहे आणि तीन हिवाळे झाले तरी ती संपत नाही.

त्यातून आमचा जन्म उलटा. विणणारी बाई आमच्या पाठीकडे बसते. तिला दिसतात ते लोंबणारे धागे आणि गाठी. उठावाची नक्षी पलीकडच्या बाजूला तयार होते. आमचा माग भिंतीजवळ उभा आहे, म्हणजे माझा चेहरा आजवर पाहिला तो भिंतीने, आणि मागे अंडी घालायला जाणाऱ्या एका कोंबडीने. दोघींनीही काही अभिप्राय दिलेला नाही.

माझी सुरुवात चांगली झाली होती. लोकर डोंगरावरच्या कुरणातली, तपकिरी रंग अक्रोडाच्या सालींचा, लाल मंजिष्ठेचा. शेरिफेने, म्हणजे सासूने, मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावला तेव्हा तिच्या मुलाचं, याशारचं, नुकतंच लग्न झालं होतं. नवी सून सेहेर आणि याशार यांच्या खोलीचा पडदा व्हायचं, हे माझं ठरलेलं काम. पहिल्याच हिवाळ्यात लाकडं आणताना याशारचा ट्रक घाटात उलटला, त्यात तो गेला. काही दिवस फण्या खुंटीला टांगलेल्या राहिल्या. मग दोघी पुन्हा येऊन बसल्या. आता मी कुणाच्या खोलीचा पडदा, हे मात्र दोघींपैकी कुणी बोललं नाही. त्या ओळीपासून माझी उजवी बाजू खाली जाऊ लागली.

पुढच्या वर्षी सेहेरचा भाऊ आला. नदीकाठच्या पाणचक्कीवाल्या इद्रिसने तिला मागणी घातली होती. चहा देताना सेहेरने ऐकलं आणि तिचे कान लाल झाले. पण सासूच्या शब्दाशिवाय ती उंबरा ओलांडणार नव्हती. शेरिफे म्हणाली, "मागावर ताणा असताना बाई उठून जात नाही. विणून होऊ दे, मग बोलू."

भाऊ गेला. त्या दिवशी सेहेरने अशी फणी चालवली की मला मारच बसला.

तेव्हापासून माझा लाल जुळेनासा झाला.

"हा विटकरी आला," शेरिफे म्हणायची. "काठाला चालणार नाही."

"आई, मंजिष्ठा तीच आहे. तुरटीसुद्धा तीच."

"मग पाणी वेगळं असेल."

"पाणी तुम्हीच आणलंत."

पाण्याबद्दल शेरिफेचं चूक नव्हतं. चुनखडीच्या विहिरीचं पाणी घेतलं तर मंजिष्ठेचा लाल गडद उतरतो. बर्फाच्या पाण्यात तो विटकरीकडे झुकतो. शेरिफेला हे पक्कं ठाऊक, आणि म्हणूनच ती दर वेळी वेगळ्या ठिकाणी कळशी घेऊन जायची. एकदा विहीर, एकदा झरा, एकदा पागोळ्या. मग जुळेल कसं? मला खरी चीड यायची ती याची, की माझ्या पायथ्याच्या काठात आधीपासूनच दोन लाल आहेत. शेरिफेनेच विणलेले. पाठीवर लोंबत्या धाग्यांनी ते झाकले गेले होते. पण सांगणार कसं? जिजिमला तोंड असतं, ते भिंतीकडे असतं.

मित्रांनो, जपून ठेवणं वेगळं आणि अडवून ठेवणं वेगळं. वापरलेल्या लोकरीला ऊन लागतं, वारा लागतो. अडवलेल्या लोकरीला कसर लागते. माझ्या वरच्या कोपऱ्यात ती लागली आहे.

आज शेजारची दोंदू आली. बाई अंगाने भरलेली, बोलायला मोकळी. कोंबडी मागामागे शिरलेली पाहून ती अंडं काढायला आडवी होऊन आत घुसली.

"दोंदू, अडकशील," शेरिफे म्हणाली.

"अडकले तर मलाही विणून टाका. तसाही तुझा पडदा कुठे पुरा होतोय, तेवढीच भर."

आत ती अंडं विसरून माझ्याकडेच बघत बसली. ती बाहेर येईना, म्हणून दोघींनी हात थांबवले.

"शेरिफे, हे तू बघितलंस का?"

"काय ते?"

"केवढं देखणं झालंय ग हे. आणि खालच्या काठात दोन लाल आहेत. कोपऱ्यापर्यंत एक, पुढे दुसरा. ही तुझी बाजू ना?"

शेरिफे उठली. भिंतीला पाठ घासत ती आत आली. माझ्या चेहऱ्यावरून पहिल्यांदाच माणसाचा हात फिरला. तो दोन लालांच्या सीमेवर थांबला.

"पहिला लाल तेव्हा संपला होता," ती म्हणाली.

"मग तो जुळवायला किती वर्षं थांबलीस?"

"एक दिवससुद्धा नाही. याशार रोज विचारायचा, झाला का पडदा म्हणून."

दोंदूने कोंबडीखालचं अंडं काढलं. ताण्याच्या उघड्या धाग्यांमधून शेरिफेला पलीकडे बसलेली सेहेर दिसत होती. सेहेरने फणी मांडीवर ठेवली होती.

"आई, मला जायचंय का, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"हो म्हणाले असते."

कोंबडी वैतागून बाहेर निघून गेली. शेरिफेने माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, जणू तेवढंच काम उरलं होतं. मग ती वर न बघता बोलली.

"विटकरी तर विटकरी. दोन लाल आहेतच, तिसरा असू दे. उरलेली वीत आज विणू आणि कापून उतरवू." ती जरा थांबली. "दोंदू, उद्या बाजारात हिचा भाऊ भेटेल. त्याला म्हणावं, इद्रिसला घेऊन ये. शेरिफे आपली मुलगी द्यायला तयार आहे."